मित्रांसोबत उघड्यावरचा मुक्काम : त्रास किती, सुख किती?

आपल्या वस्तीतल्या माणसाचे घराबाहेर रात्र काढण्याचे प्रसंग ठरलेले असतात. गावाकडचे लग्न, जवळच्या माणसाचे दुखणे, किंवा वर्षातून एकदा चैत्यभूमी अथवा दीक्षाभूमी. यातल्या कशालाच सुट्टी म्हणता येत नाही. लग्नात राबावे लागते, दुखण्यात जागावे लागते, आणि सहा डिसेंबरला आपण अभिवादनाला जातो, मौजेला नाही. चार मित्रांनी बायका-मुलांना घेऊन, नुसत्या गप्पा मारायला आणि मोकळ्या हवेत झोपायला घर सोडावे, ही कल्पना अजून अनेक घरांत उधळपट्टीची वाटते. "एवढ्या पैशांत पोराची फी भरून होईल," असे कुणीतरी म्हणतेच. आणि ते खोटेही नसते.

तरीही हा लेख आम्ही त्या उधळपट्टीच्या बाजूने लिहीत आहोत. मात्र गोडगोड चित्र रंगवणार नाही. गाडी करून जायचे आणि तंबू टाकून राहायचे, याला हल्ली 'कॅम्पिंग' म्हणतात. घरातली तरुण मुले मोबाईलवर तलावाकाठच्या तंबूंची छायाचित्रे पाहतात आणि हट्ट धरतात. छायाचित्रात तंबू दिसतो. पहाटे तंबूच्या छतातून टपटपणारे दव दिसत नाही, शेजारच्या मित्राचे घोरणे ऐकू येत नाही, आणि रात्री दोन वाजता संडास शोधणारी वहिनी तर कुठेच दिसत नाही. म्हणून जमाखर्चाच्या दोन्ही बाजू मांडलेल्या बऱ्या. आम्ही चार मित्रांच्या कुटुंबांनी जानेवारीतला दुसरा शनिवार आणि रविवार धरून भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी आणि पवना धरणाच्या काठावरचा एक मुक्काम असा बेत केला. त्याच्याच आधाराने हे लिहीत आहोत.

भिशीची वही

हातावर पोट असलेल्या घरात सहलीची पहिली अडचण पैशाची. ऐन वेळी चार-पाच हजार रुपये कुणाच्याच खिशात नसतात. म्हणून आम्ही दहा महिने आधी भिशी सुरू केली. प्रत्येक कुटुंबाने महिन्याला ५०० रुपये द्यायचे. दहा महिन्यांचे एका घराचे ५,००० आणि चार घरांचे मिळून २०,००० रुपये. वही एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे. हा नियम सोपा आहे, पण त्यामुळे मैत्री टिकते.

चार महिने सुरळीत गेले. पाचव्या महिन्यात आमच्यातल्या एका मित्राची कंत्राटी नोकरी सुटली. त्याचे २,००० रुपये जमा होते, ३,००० राहिले. तो काही बोलला नाही. फक्त भेटायचे टाळू लागला. नंतर निरोप पाठवला, "माझे धरू नका, आईची तब्येत बरी नसते." त्याची आई ठणठणीत होती आणि जायला सर्वांत उत्सुक तीच होती, हे सगळ्यांना माहीत होते.

यावर मित्रांमध्ये बरीच चर्चा झाली. तो पूर्वी कॅन्टीनमध्ये होता, चार माणसांचा स्वयंपाक त्याला चांगला जमतो. एकाने सुचवले की त्याने स्वयंपाक सांभाळावा, बाकीच्यांनी त्याचे पैसे भरावेत. सूचना मनापासून होती. पण आमच्याच घरातून विरोध झाला. "मित्राला आचारी करून नेणार का? मग त्याच्या बायकोने आमच्यात बसायचे तरी कसे?" प्रश्न रास्त होता. श्रमात कमीपणा नाही, पण पैसे कमी पडले म्हणून एकाने राबायचे आणि बाकीच्यांनी बसून खायचे, ही रीत आपण ओळखतो. ती मित्रांत नको.

अखेर ठरले ते साधेच होते. वहीत त्याच्या नावापुढे 'येणे रु. ३,०००' असे लिहिले, मुदत लिहिली नाही, आणि वही चारचौघांत वाचायची नाही असे ठरले. जमलेल्या १७,००० रुपयांत बेत बसवायचा म्हणून हॉटेलचे जेवण कापले आणि घरचे धान्य न्यायचे ठरवले. दोघे जण त्याच्या घरी गेले आणि सांगितले की गाडीची जागा भरली आहे, आता कुणी गळाले तर हिशेब बिघडेल. तो आला. पुढच्या वर्षभरात त्याने तीनशे-तीनशे करत रक्कम फेडली, तीही कुणी न मागता. सहलीचा खर्च १६,४०० झाला, ६०० शिल्लक राहिले आणि त्याच वहीत पुढच्या पानावर गेले.

वाचकहो, ज्यांना असा बेत करायचा आहे त्यांनी हा भाग आधी सोडवावा. पैशाचा विषय गाडीत निघाला तर परतीचा प्रवास फार लांब वाटतो.

गाडीत बारा माणसे

चार जोडपी, तीन मुले आणि मित्राची आई, जिला सगळे आजी म्हणतात, असे आम्ही बारा जण. चालक धरून तेरा. त्या हिशेबाने बारा प्रवाशांची ट्रॅक्स ठरवली. गाडी ठरवताना काही गोष्टी तोंडी सोडू नयेत. भाडे बहुधा किलोमीटरवर असते आणि दिवसाला ठरावीक किमान किलोमीटर धरले जातात, तेवढे फिरलात नाहीत तरी पैसे द्यावे लागतात. टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता वेगळा असतो. हे सगळे कागदावर घ्यावे. आम्ही ठरवलेली गाडी पहाटे आलीच नाही, तिच्याऐवजी मालकाने दुसरी जुनी गाडी पाठवली. कागद हाती होता म्हणून भाड्यात घट मिळाली, नाहीतर वाद घालण्यात सकाळ गेली असती.

दुसरी गोष्ट पाटीची. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरे असतात. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना तिला नसतो आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळताना अडचण येते. दोन हजार रुपये वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नये.

प्रवासाचे सुख-दुःख काय सांगावे! मागच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लागतो. टपावर सामान बांधताना जी पिशवी सर्वांत खाली जाते, नेमकी तीच पहिल्या तासात लागते. घाटात दोन मुलांना उलट्या झाल्या. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. एकाला दर अर्ध्या तासाला चहा हवा. गाणी कोणती लावायची यावरून बाप आणि लेक यांच्यात खोपोलीपर्यंत वाद चालला, तो आजीने स्वतःच एक भीमगीत सुरू करून मिटवला. आणि मग अख्खी गाडी गाऊ लागली. रेल्वेच्या डब्यात बारा जण बसले तर चार ठिकाणी बसतात. इथे पळून जायला जागा नसते, आणि काही वेळाने पळून जावेसे वाटतही नाही.

चालकाबद्दल थोडे. तो आपल्या पंगतीला बसला पाहिजे आणि त्याला रात्री पूर्ण झोप मिळाली पाहिजे. 'तुम्ही गाडीतच झोपा' असे म्हणून आपण मोकळे होतो, पण सीटवर अंग दुमडून काढलेली रात्र दुसऱ्या दिवशी घाटात आपल्याच जिवावर येते. आमच्या चालकाला आम्ही गादी आणि दोन चादरी दिल्या. तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत मला कुणी गादी दिली नव्हती." हे ऐकून आनंद वाटण्याऐवजी वाईट वाटले.

वर्गणीची लेणी

बोरघाट हा फार जुना रस्ता आहे. सोपारा, कल्याण या बंदरांकडून देशावर जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे याच बाजूने घाट चढत. भाजे, कार्ले आणि बेडसे ही लेणी त्या वाटेच्या जवळ आहेत, हा योगायोग नाही. मालवली स्थानकाच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. बेडसे कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. गाडी असली म्हणजे तिन्ही लेणी दोन दिवसांत निवांत पाहता येतात.

भाज्याचे काम इसवी सनाच्या आधीचे, दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. तिथे एकत्र असलेले चौदा लहान-मोठे स्तूप पाहून मुले गप्प झाली. त्यांतील काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. कार्ल्याचा चैत्य देशातल्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठा. लांबी सुमारे १२४ फूट, उंची सुमारे ४५ फूट. छताच्या कमानींना लावलेल्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत.

पण आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते तिथले शिलालेख. एवढे मोठे काम एका राजाच्या तिजोरीतून झालेले नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसे अनेक सामान्य माणसांचेही आहे. एकेका खांबावर एकेकाचे दान. धेनुकाकट गावच्या लोकांची दाने तर पुष्कळच, त्यांत यवनही आहेत. दाराच्या कामाशी सामी नावाच्या सुताराचे नाव जोडलेले आहे, सिंहदत्त नावाच्या गंधी व्यापाऱ्याचे नाव आहे, भिक्षुणींची नावे आहेत. ज्याला जे जमले ते त्याने दिले, आणि सगळ्यांचे मिळून ते लेणे झाले. हे आमचे शिक्षक मित्र समजावून सांगत होते, तेव्हा ज्याच्या नावापुढे वहीत 'येणे' लिहिले होते तो मित्र खांबावरची अक्षरे बराच वेळ पाहत उभा होता. कुणी काही बोलले नाही.

एक सूचना. ही संरक्षित स्मारके आहेत. तिथे मुक्काम करता येत नाही, स्वयंपाक करता येत नाही. डबे खाली गाडीपाशी सोडावेत, आणि भिंतीवर नाव लिहिणाऱ्या मुलाचा हात धरावा. कार्ल्याला पायऱ्या बऱ्याच आहेत आणि एकवीरेच्या दर्शनाची गर्दीही असते. आजी भाजे चढल्या, कार्ल्याला मात्र खाली चालकाशी गप्पा मारत बसल्या.

तंबू, दव आणि थंडी

पवना धरणाभोवती लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग असे किल्ले आहेत. त्यांतला लोहगड २०२५ साली मराठा लष्करी वारशाच्या बारा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. काठावरचे अनेक शेतकरी आता आपल्या जमिनीवर तंबूंना जागा देतात. तयार तंबू, जेवण, शेकोटी असे सगळे मिळते, पण माणशी दर आपल्याला जड जातो. आम्ही दोन तंबू भाड्याने बरोबर नेले आणि एका शेतकऱ्याकडून फक्त जागा, पाणी आणि संडास-न्हाणीची सोय घेतली.

जागा ठरवताना एक नियम पाळावा. आधी संडास पाहा, मग तलाव पाहा. दाराला आतून कडी आहे का, दिवा आहे का, पाणी आहे का, तंबूपासून किती लांब आहे, हे बायकांनी स्वतः जाऊन पाहावे आणि त्यांनी होकार दिल्यावरच सामान उतरवावे. पुरुषांनी पाहिलेली 'झकास जागा' बायकांना रात्रभर जागवते. बायका पाणी प्यायचे टाळतात आणि सकाळी डोके धरून बसतात. आम्ही पहिली जागा याच कारणाने सोडली.

तंबू टाकणे हे दिसते तितके सोपे नाही. वारा असेल तर कापड पतंगासारखे उडते. चौघे मित्र चार कोपरे धरून चार दिशांना ओढत होते आणि मुले हसून लोळत होती. तंबूचे तोंड वाऱ्याकडे नसावे, जमीन उताराची किंवा खोलगट नसावी, खडे आधी वेचावेत. जानेवारीत अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालचे अंथरूण महत्त्वाचे असते, कारण थंडी जमिनीतून वर येते. खाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी किंवा फोमची चटई, मग गोधडी. तंबूची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. सगळे बंद केले तर श्वासातली वाफ कापडाला लागून थेंब पडतात आणि पहाटे पांघरूण ओले होते. बाहेरचे दव अडवायला वरून वेगळी ताडपत्री बांधावी.

दोन तंबूंत बायका, आजी आणि मुले. आम्ही चौघे मित्र आणि चालक गाडीच्या कडेला ताडपत्री बांधून तिच्याखाली. झोप कमीच लागली. पाठीला खडा टोचत होता, डास होते, आणि पलीकडच्या मुक्कामातील मंडळींनी मध्यरात्रीपर्यंत मोठ्या आवाजात गाणी लावली होती. आजीने मात्र निवांत झोप काढली. सकाळी म्हणाल्या, "आमचा तर जन्म असाच उघड्यावर गेला. त्याचे पैसे कसले देता रे?" सगळे हसले. पण त्या हसण्यात थोडी टोचणीही होती. जे आजीच्या पिढीच्या नशिबी सक्तीने आले, ते आज आपण हौसेने करतो.

बैलगाडीतली एक रात्र

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी शिक्षक मित्रांनी मुलांना बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनातला प्रसंग सांगितला. आपल्यापैकी अनेकांना तो माहीत आहे, पण अशा जागी ऐकला की वेगळा लागतो. साल १९०१. भीमराव लहान होते. वडील नोकरीच्या गावी होते. त्यांच्याकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघून मसूर स्थानकावर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. मुलांची जात कळल्यावर एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एक बैलगाडी मिळाली. गाडीवान पायी चालत होता. रात्री जकात नाक्यापाशी मुक्काम करावा लागला. जवळ जेवण होते, पण पाणी मिळाले नाही. पाण्यावाचून जेवणही झाले नाही. ती मुले उपाशीपोटी गाडीतच झोपली.

१९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. म्हणून सवय नसलेल्या आपल्याच माणसाने टांगा हाकला आणि अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळ पाहायला निघाले असता, दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाक्यातल्या पाण्याने हात-पाय धुतले म्हणून त्यांना अपमान सोसावा लागला. तीही मित्रांची सहलच होती.

मुलांनी एकच प्रश्न विचारला. "मग त्यांनी रात्री काय प्यायले?" उत्तर होते, काही नाही. आमच्याजवळ त्या वेळी वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरलेले होते आणि ज्याच्या जमिनीवर आम्ही उतरलो होतो त्याने आमचे आडनाव ऐकून घेऊनही हंडा भरून दिला होता. असे सगळीकडे घडते असे आम्ही म्हणणार नाही. जागा विचारताना आडनाव सांगायचे की नाही, ही चुळबुळ आजही अनेकांच्या मनात होते. आम्ही नाव सांगितले. पुढच्या पिढीने तर ते सांगताना थांबूही नये, यासाठीसुद्धा अशा ठिकाणी आपले येणे-जाणे वाढले पाहिजे.

सुट्टी कुणाला?

सहलीच्या तयारीच्या बैठकीत एका वहिनींनी विचारले होते, "घरी चूल आमच्याकडे, तिथेही चूल आमच्याकडे. मग सुट्टी कुणाला?" त्यावर लेखी ठराव झाला. मुक्कामातला एकही पदार्थ बायकांनी शिजवायचा नाही. पहिल्या दुपारी घरून आणलेल्या भाकऱ्या, ठेचा, सुकटीची चटणी आणि उकडलेली अंडी. त्या भाकऱ्या बायकांनीच थापल्या होत्या, हे नोंदवले पाहिजे. रात्री पुरुषांनी पिठले आणि भात केला. पिठल्यात गाठी झाल्या, भात खालून लागला. कॅन्टीनवाला मित्र मुद्दाम लांब बसून होता, त्याला हात लावू द्यायचा नाही असे सर्वांनी बजावले होते. शेवटी त्यालाच राहवेना, येऊन त्याने फोडणी दिली. ती त्याने आपणहून दिली, म्हणून गोड लागली.

भांडी घासायला तिघे पुरुष बसले तेव्हा चारही वहिनी चादरी अंगावर घेऊन एका ओळीत बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने सांगितले की लग्नाला अठरा वर्षे झाली, पण जेवण झाल्यावर उठायचे नाही अशी ही पहिलीच रात्र. हे वाक्य आम्ही चौघांनी ऐकले. घरी परतल्यावर ते किती जणांच्या लक्षात राहिले, ते ज्याच्या त्याच्या घरी विचारावे.

जिवाशी खेळ नको

आता काही गोष्टी, ज्यांत हयगय करू नये.

पाण्यात उतरू नका. धरणाचा काठ वरून सपाट दिसतो, पण आत दोन पावलांवर एकदम खोली लागते, तळाला गाळ असतो आणि पाणी गार असते. पोहता येणारेही त्यात अडकतात. पवनेत बुडून माणसे गेल्याच्या बातम्या वारंवार येतात.

तंबूत किंवा बंद गाडीत पेटती शेगडी, निखारे, स्टोव्ह नेऊ नका. थंडी असली तरी नाही. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपणेही त्याच कारणाने धोक्याचे. शेकोटी तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी.

रात्री चपला झटकल्याशिवाय पायात घालू नयेत, बॅटरीशिवाय तंबूबाहेर पडू नये, तंबूची चेन उघडी ठेवू नये. साप-विंचू उबेला येतात. सर्पदंश झालाच तर मांत्रिक नको, चिरणे-बांधणे नको. माणसाला हलू न देता थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. जवळचे रुग्णालय कुठे, हे दिवसाच विचारून ठेवावे.

आणि दारू नको. याबाबत आमच्यात वादच नव्हता, कारण पंचशील घेतलेल्या माणसाने हे वेगळे ठरवायचे नसते. पण केवळ व्यवहार म्हणून पाहिले तरी पाणी, अंधार, घाट आणि दारू ही जोडी जीवघेणी आहे. पलीकडच्या मुक्कामात रात्री जी भांडणे झाली ती ऐकून आमच्या मुलांना याचे प्रवचन द्यावे लागले नाही.

हाती काय लागले

खर्चाच्या बाजूला लिहायचे तर पाठदुखी दोन दिवस, सर्दी तिघांना, एक फुटलेला थर्मास, परतीच्या वाटेवर पंक्चर झालेले चाक आणि सोमवारी कार्यालयात डुलक्या.

जमेच्या बाजूला काय लिहावे? रात्री पलीकडची गाणी थांबल्यावर दिवे मालवले आणि आकाश दिसले. मृग नक्षत्राचे तीन तारे आणि त्यांच्या रेषेत खाली लखलखणारा व्याध आमच्या चाळीच्या गच्चीवरून कधी एवढा ठळक दिसला नव्हता. ताडपत्रीखाली पडल्या पडल्या आम्ही चौघे बोलत राहिलो. वर्षानुवर्षे आम्ही सभेत, जयंतीच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात भेटतो. तिथे बोलणे होते ते कामाचे. वर्गणी किती जमली, मंडप कुणाला सांगायचा, कुणाची बदली झाली. त्या रात्री नोकरी गेलेला मित्र पहिल्यांदा मनातले बोलला. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि संध्याकाळपर्यंत बागेत बसायचे, आईला कळू नये म्हणून, असे त्याने दोन महिने केले होते. अंधारात एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते म्हणून त्याला ते सांगता आले असावे. दुसऱ्या एकाने आपल्या रक्तातील साखरेचे सांगितले, घरी लपवलेले. आम्ही उपाय सुचवले नाहीत, फक्त ऐकले. मात्र परतल्यावर पंधरा दिवसांत त्या मित्रासाठी तिघांनी तीन ठिकाणी शब्द टाकला आणि एका जागी काम झाले. हे चाळीच्या जिन्यात भेटून झाले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडसे. तिथे गर्दी नव्हती. चैत्यापुढच्या उंच खांबांवरचे प्राणी आणि त्यांवर बसलेली माणसे मुलांनी मोजली. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख तिथे आहे. घरून निघताना मोबाईलवरून मान न उचलणारा मुलगा आजीचा हात धरून एकेक पायरी उतरत होता. बाहेर येऊन आम्ही सर्वांनी काही वेळ शांत बसून घेतले, कुणी सांगितले म्हणून नव्हे.

दरवर्षी जाता येईल असे नाही. सगळ्यांना जमेल असेही नाही. पण तीन-चार कुटुंबांनी मिळून, वर्ष-दोन वर्षांतून एकदा, एका रात्रीपुरते हे करण्यासारखे आहे. लांब जाण्याचीही गरज नाही. नाशिककरांना पांडवलेणी आहेत, जुन्नरच्या डोंगरात लेण्याद्री आहे, छत्रपती संभाजीनगरात शहराला लागूनच लेणी आहेत. हिवाळ्याचे दिवस निवडावेत, पावसाळ्यात घाटात दरडी असतात आणि नवशिक्याने तंबू टाकू नये. ३१ डिसेंबर टाळावा. बरोबर येणारी माणसे मात्र पारखून घ्यावीत. जो घोरतो तो चालेल, जो हिशेबात चिकट आहे तोही चालेल. ज्याला दुसऱ्याच्या बायकोला बसलेले पाहवत नाही, त्याला नेऊ नये.

आणि भिशीची वही आजच घालावी. पहिल्या पानावर नावे लिहावीत, रक्कम परवडेल तेवढीच ठरवावी, आणि 'येणे' या रकान्यात थोडी जास्त जागा सोडावी.